मखमलीची लेक

मखमलीची नखं फरशीवर घासायला लागली, तेव्हा तो आवाज त्याने लगेच ओळखला. मशीन चालू असतानाही तो कानात शिरायचा. खर्र. थोडी उसंत. पुन्हा खर्र. त्याने मशीनवरचा पाय काढला आणि दुकानाच्या दाराकडे बघितलं. मखमल उंबऱ्याशी उभी होती. पुढचे दोन पाय ठाम, मागचे दोन कुणाकडून उसने आणल्यासारखे.

"आलं का तुझंही," तो म्हणाला.

मखमलीने शेपूट हलवली. त्या भरात तिचा मागचा भाग एका बाजूला कलला आणि ती बसली. बसायचंच होतं असा चेहरा करून.

तो सोफे आणि खुर्च्या शिवून द्यायचा. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, मधे जिना. गल्लीत सगळे त्याला सोफेवाले काका म्हणायचे आणि बायकोला नुसतं काकू. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी कुत्री मात्र अजून काकूंचीच होती. सोफेवाल्याची कुत्री असं कुणी म्हणत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

लग्न होऊन ती घरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक कुत्री आली. ट्रंक गंजून गेली. कुत्रीची लेक झाली, लेकीची लेक झाली, आणि ही ओळ घरात चालू राहिली. उंच पाठीची, काळ्या तोंडाची, स्वभावाने शांत अशी ती कुत्री. नावं ठेवायचा मान बायकोचा. त्या आठवड्यात टेबलावर जे कापड असेल ते पिल्लाचं नाव. गालिचा झाली, पॉपलीन झाली, रेक्झिन नावाचा एक दांडगा बोका म्हणावा असा कुत्रा झाला. एकदा तर एका कुत्रीचं नाव मांजरपाट ठेवलं. गल्लीतल्या पोरांनी वर्षभर हसून घेतलं. ती कुत्री मात्र त्या नावाला मान वर करून यायची.

पिल्लं निवडायचीही तिची रीत होती. पिल्लं आईचं दूध सोडायला लागली की ती इनॅमलच्या मोठ्या थाळीत भात कालवून मधे ठेवायची आणि गुडघे धरून बसायची. जे पिल्लू आधी बाकीच्यांना जेवू देईल आणि शेवटी येईल, ते घरात ठेवायचं. बाकीची गल्लीत वाटायची. "हे शहाणं आहे," ती म्हणायची. "याला घर कळतं." आणि घरातली सगळी कुत्री कायम त्याच एका थाळीत जेवायची. म्हातारी, तरणी, व्यायलेली, सगळी. वेगळं वाढलं की मनं वेगळी होतात असं तिचं म्हणणं. नवऱ्याचं ताट मात्र ती वेगळं वाढायची. त्याने एकदा ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "या थाळीत जेवायचं असेल तर या, जागा आहे."

म्हातारपण आलं की या कुत्र्यांचे मागचे पाय जायचे. आधी नखं घासायची, मग पाय एकमेकांत अडकायचे, मग मागचं धूड जमिनीला टेकायचं. दुखायचं नाही. तोंड हसरं, भूक शाबूत, फक्त अर्धं शरीर मालकाचं ऐकत नाही. पहिल्या कुत्रीचं असं झालं तेव्हा बायको म्हणाली, फरशी गुळगुळीत आहे, घसरली असेल. त्याने काथ्याच्या पट्ट्या कापून फरशीवर ठोकल्या. गालिचाचं झालं तेव्हा जिन्यावर ठोकल्या. पॉपलीनच्या वेळी वरच्या खोलीत. प्रत्येक कुत्री जाताना घरात एक पट्टी ठेवून गेली. शेवटी घरात उघडी फरशी फक्त मोरीत आणि दुकानाच्या दाराशी उरली. मखमलीची नखं वाजली ती तिथेच.

सोफ्याच्या बैठकीखाली जो रुंद विणलेला पट्टा ताणतात, त्याच पट्ट्याची झोळी शिवून बायको कुत्रीच्या पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही टोकं हातात धरून तिचा मागचा भाग उचलायची. पुढे कुत्री चालायची, मागे ती. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. "काकू, कुत्रीची पिशवी करून कुठे निघालात?" असं बेकरीवाला ओरडायचा. "तुझ्याकडे पाव आणायला. पिशवी रिकामी आहे," असं उत्तर ठरलेलं.

तो पट्टा अजून खिळ्याला होता. त्याने तो काढला, झटकला आणि मखमलीच्या मापाचा आहे का ते बघितलं.

त्या रविवारी लेक आली. ती दुसऱ्या गावात राहायची, महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारायची. तिने जिन्यात मखमलीला बघितलं आणि पिशव्या हातातच ठेवून उभी राहिली.

"बाबा, हिलाही झालं?"

"वय झालं तिचं."

"गालिचाचंही वय झालं होतं, पॉपलीनचंही. बाबा, आपल्या घरात एकही कुत्रा चालता चालता गेला नाही. तुमच्या लक्षात आलंय का?"

"फरशी..."

"फरशी कुठे दिसतेय? सगळं घर काथ्याचं झालंय."

त्याने चहा ठेवला. तेवढ्यात छीट वरून धडधडत खाली आली आणि लेकीच्या अंगावर चढली. छीट म्हणजे मखमलीची लेक. मखमलीच्या उशिराच्या वेतात एकटी झालेली, दोन वर्षांची. गल्लीतली बाकीची सगळी म्हातारी झाली होती. काकूंच्या कुत्र्यांची ओळ आता पुढे जाणार होती ती या एकटीच्या जिवावर. यंदा तिचं वेत घ्यायचं असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बेकरीवाल्याने एक पिल्लू सांगूनही ठेवलं होतं.

"आधी हिला डॉक्टरीणबाईंना दाखवा," लेक म्हणाली. "हा आजार घराण्यातून येतो. तपासता येतो. हिच्यात असेल तर वेत घ्यायचं नाही."

"म्हणजे आईच्या कुत्र्यांना नावं ठेवायला आलीस तू."

"नावं आईनेच ठेवलीत," लेक म्हणाली. "मी फक्त पाय बघतेय."

तिचं खोटं नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण तपासणी म्हणजे बायकोने आयुष्यभर जे केलं त्यावर कुणीतरी काचेच्या नळीत बघून शेरा मारणार. आणि छीटमध्ये खोट निघाली, तर त्या ट्रंकेबरोबर आलेलं जे शेवटचं घरात होतं तेही संपणार. जाताना लेकीने दारात पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघतो."

त्याने आठवडाभर बघितलं. मग एका सकाळी सोफे पोचवायच्या हातगाडीवर जुना फोम टाकला, मखमलीला उचलून ठेवलं, आणि छीट न सांगता तिच्या शेजारी चढून बसली. गाडी गल्लीतून निघाली.

"काका, वरात कुणाची?" बेकरीवाला.

"तुझी ठरली की हीच गाडी देईन."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी मखमलीचा मागचा पंजा उलटा करून टेबलावर ठेवला. तो तसाच राहिला. निरोगी कुत्रा लगेच सरळ करतो, त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं.

"पाठीच्या कण्यातल्या नसा हळूहळू खराब होतात. मूळ एका जनुकात आहे. प्रत्येक पिल्लाला त्या जनुकाचे दोन भाग मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेले आले तर म्हातारपणी पाय जायचा धोका. जातीलच असं नाही, पण धोका मोठा. एकच बिघडलेला आला तर कुत्रा बहुतेक ठणठणीत राहतो, पण पुढे पिल्लांना देऊ शकतो."

"आणि हे वेत घेताना कळत नाही?"

"कसं कळणार? कुत्री तरणी असताना व्यायते. पाय जातात ते म्हातारपणी. तोवर पिल्लांची पिल्लं झालेली असतात. कुणाच्याच लक्षात येत नाही, काका. यात काकूंची चूक नाही."

चुकीचं त्याने विचारलं नव्हतं. पण त्या बोलल्या ते बरं वाटलं.

"मखमलीत दोन्ही बिघडलेले निघाले," त्या पुढे म्हणाल्या, "तर छीटला आईकडून एक आलेलाच आहे. त्यात शंका नाही. बापाकडून काय आलं एवढंच बघायचं. तिकडूनही बिघडलेला असेल तर मी वेत घेऊ नका म्हणेन. चांगला असेल तर तपासलेला नर बघून घेता येईल."

मखमलीचं रक्त त्यांनी घेतलंच होतं, छीटसाठी कापूस लावलेली काडी काढली. गालाच्या आतून फिरवायची, बस. "ही सकाळपासून एकटी होती ना? दुसऱ्या कुत्र्याबरोबर खाल्लं-प्यायलं नाही ना? दुसऱ्याची लाळ मिसळली तर काही कळत नाही."

"छे, दुसरं कुत्रं कुठलं," तो म्हणाला. "एकटीच होती."

काडी छीटच्या तोंडात गेली. छीट त्याआधी गाडीवर गल्लीभर मखमलीचं तोंड चाटत आली होती, आणि घरून निघताना दोघी त्या इनॅमलच्या थाळीत जेवल्या होत्या. हे तो विसरला नव्हता. त्याच्या हिशेबात ते आलंच नाही. आई म्हणजे दुसरं कुत्रं, असा विचार त्या घरात कुणी कधी केला नव्हता.

उत्तर यायला वेळ लागला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्याच्या तोंडात खिळे होते. ते काढून तो ऐकू लागला.

"मखमलीचं स्पष्ट आहे काका, दोन्ही बिघडलेले. छीटचं मात्र लॅबवाले म्हणतात, या काडीवर दोन कुत्र्यांची लाळ आहे. एकटी होती म्हणालात ना?"

"एकटीच. आईबरोबर होती."

मग डॉक्टरीणबाई हसल्या. बराच वेळ हसल्या. त्यालाही हसू फुटलं. काकू गेल्यापासून दुकानात कुणी असं हसलं नव्हतं. "आईला मोजायचं हो," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मीच येते. तोवर दोघींना वेगळं ठेवा. जेवण वेगळं, पाणी वेगळं. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला. सांगणं सोपं होतं.

घरात दुसरी थाळी नव्हती. त्याने स्वतःची ताटली छीटला दिली आणि तिला वरच्या खोलीत कोंडलं. मोठी थाळी खाली मखमलीसमोर ठेवली. छीटने ताटलीकडे बघितलं आणि मग दाराकडे. मखमल थाळीशी बसली आणि थाळीचा अर्धा भाग मोकळा सोडून वाट बघू लागली. दोघींनी खाल्लं नाही. थोड्या वेळाने काथ्यावर काहीतरी घसटत गेल्याचा आवाज आला. मखमल पुढच्या पायांवर स्वतःला ओढत जिन्याशी गेली होती. एक पायरी चढून तिथे अडकली होती. वरून छीट दाराच्या फटीत नाक घालून फुसफुसत होती.

तो तिच्या वरच्याच पायरीवर जाऊन बसला. एक हात खाली मखमलीच्या डोक्यावर. "आजचा दिवस," तो म्हणाला. "उद्या खा एकमेकींचं उष्टं."

बसल्या बसल्या त्याला छीटचा बाप आठवला. त्याआधी सगळे नर गल्लीतलेच असायचे, कुणाच्या तरी अंगणातला, बहुतेक नात्यातलाच. पण मखमलीच्या त्या वेताच्या वेळी बायको हटून बसली होती. बाहेरचा नर हवा, लांबचा हवा. बसने अर्धा दिवस जावं लागलं होतं. मखमल तिच्या मांडीवर, कोटाखाली, कंडक्टरला दिसू नये म्हणून. एवढी मोठी कुत्री. कंडक्टरने विचारलं, कोटाखाली काय आहे. बायको म्हणाली, मुलगी. कंडक्टर पुढे गेला.

वाटेत तो कुरकुरत होता. "लेकीसाठी स्थळ बघायला आपण इतक्या लांब गेलो नव्हतो."

"लेकीने आपल्याला विचारलंच कुठे होतं," बायको म्हणाली.

तिथे पोचल्यावर मालकाने मोठ्या कौतुकाने तो नर दाखवला. तरणाबांड, चकचकीत. बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "याची आई आहे का?" आई आणली. "आणि आजी?" मालक चक्रावला. आजी वर गच्चीत असते म्हणाला. त्याने हाक मारली, तशी एक पांढऱ्या तोंडाची म्हातारी कुत्री दगडी जिना उतरून खाली आली. सावकाश, पण एक एक पाय नीट टाकत. जिना उघडा होता, गुळगुळीत, त्यावर पट्टी नव्हती की चटई नव्हती. बायको तिच्या पायांकडे बघत राहिली. म्हातारी खाली आली, पाणी प्यायली, आणि परत जिना चढून वर गेली.

"चालेल," बायको म्हणाली.

परत येताना त्याने तिची थट्टा केली होती. मुलगा बघायला आलो आणि तू आजीबाईच बघत बसलीस. ती खिडकीबाहेर बघत मखमलीचे कान चोळत होती.

त्याला तेव्हा ती थकली आहे असं वाटलं होतं. आज जिन्यात बसून, काथ्याच्या पट्ट्यांवर हात फिरवताना, त्याला वाटलं की ती पट्ट्यांना कंटाळली होती. तो एकामागून एक पट्टी ठोकत होता आणि तिला कधीच कळून चुकलं होतं की फरशीचा दोष नाही. तसं ती बोलली नाही. कदाचित त्याला ठोकायला काहीतरी हवं होतं म्हणून.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वरच्या खोलीत जाऊन छीटच्या गालातून काडी फिरवली. खाली येताना जिन्यावर क्षणभर थांबल्या. "हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो."

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या आणि त्याने वरचं दार उघडलं. छीट इतक्या वेगात खाली आली की जिन्यात कुठे दिसलीच नाही. दोघींनी मिळून थाळी अशी चाटली की धुवायची गरज उरली नाही.

पुढच्या दिवसांत त्याने एका खुर्चीला दोनदा उलटं कापड लावलं. बेकरीवाला पिल्लाची चौकशी करून गेला, त्याला तो म्हणाला, "अजून काही खरं नाही." बेकरीवाल्याच्या घरी मखमलीचा भाऊ साटीन होता. "त्याचीही नखं वाजतात हल्ली," बेकरीवाला हळूच म्हणाला. "मी म्हटलं फरशी बदलावी."

"फरशी राहू दे," तो म्हणाला. "झोळी शिवून देतो." आणि मग जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते सगळं त्याने बेकरीवाल्याला सांगितलं. त्याला वाटलं होतं, आता हा काकूंच्या नावाने काहीतरी बोलणार. बेकरीवाल्याने पिठाचे हात पुसले. "चौदा घरं हसती ठेवली या कुत्र्यांनी," तो म्हणाला. "पाय कुणाचे जात नाहीत?"

फोन आला तेव्हा दुपार होती. डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "आईकडून एक बिघडलेला. बापाकडून चांगला. वेत घेता येईल, काका. नर मी सांगते, तपासलेला, दोन्ही भाग चांगले असलेला. त्याच्या पिल्लांतलं कुणीही म्हातारपणी फरफटणार नाही. फार तर काही पिल्लं छीटसारखी असतील, स्वतः बरी पण देऊ शकणारी. ती आपण तपासून बाजूला काढू."

"बापाकडून चांगला," त्याने पुन्हा म्हटलं.

"हो. नशीब म्हणायचं."

"नशीब नाही," तो म्हणाला. "तिने त्याची आजी बघितली होती." आणि मग बाईंना काही कळलं नाही म्हणून त्याला सगळं सांगावं लागलं, बस, कोट, कंडक्टर, जिना.

संध्याकाळी लेकीला फोन केला. तिनेही ती गोष्ट दोनदा सांगायला लावली.

छीट व्यायली तेव्हा मखमलीचा मागचा भाग पूर्ण गेला होता, पण तोंड तसंच हसरं होतं. चार पिल्लं झाली. ती दूध सोडायच्या वयाची झाली, तशी त्याने बाजारातून चार छोट्या ताटल्या आणल्या आणि पिल्लांना चार कोपऱ्यांत बसवलं. दुकानभर आरडाओरडा झाला. डॉक्टरीणबाईंनी चार काड्या घेतल्या, चार वेगळ्या पाकिटांत घातल्या आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आई मोजलीत ना?"

"आजी पण मोजली."

उत्तर येईपर्यंत त्याने बायकोसारखं गुडघे धरून बसून पिल्लं बघितली होती. एक होतं अगदी तिच्या पसंतीचं. बाकीच्यांना जेवू देणारं, शेवटी येणारं, काळ्या तोंडाचं. त्याच्यावर त्याचा जीव जडला होता. बाकी तीन दंगेखोर, त्यातलं एक तर असं हावरट की ताटलीत उभं राहूनच जेवायचं.

दोन पिल्लं पूर्ण चांगली निघाली, हावरट त्यातलंच एक. शहाण्यात मात्र आजीकडचा एक बिघडलेला भाग आला होता.

तो बराच वेळ त्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसला. मग बेकरीत गेला. "हे तुझं. काही होणार नाही याला, जन्मभर धावेल. फक्त याचं वेत घ्यायचं नाही."

"हे तर काकूंनी ठेवलं असतं," बेकरीवाला म्हणाला. त्यालाही रीत माहीत होती.

"ठेवलं असतं," तो म्हणाला. "पण तिची निवडायची रीत एक नव्हती. दोन होत्या. मी नवीनवाली धरली, पाय बघायची."

घरात राहिली ती हावरट. त्या आठवड्यात टेबलावर खुर्च्यांच्या तळाला लावायचं गोणपाट पडलं होतं. रीतीप्रमाणे नाव पडलं गोणपाट. लेक फोनवर म्हणाली, बाबा, मुलीचं नाव आहे ते. तो म्हणाला, शोभतं तिला.

काड्या घेऊन झाल्या होत्या, वेगळं वाढायचं आता काही कारण नव्हतं. त्याने छोट्या ताटल्या धुऊन वर ठेवल्या आणि इनॅमलची थाळी खाली काढली. भात कालवला. छीट आली. मखमलीच्या पोटाखालून त्याने पट्टा घेतला, दोन्ही टोकं हातात धरली आणि तिला मागून उचलून थाळीपाशी आणलं. मखमलीने नेहमीप्रमाणे अर्धी जागा सोडली. गोणपाट धावत आली, थाळीत चढली आणि बरोबर मधे उभी राहून जेवायला लागली.

"अगं, जरा आजीला," तो म्हणाला.

तिने ऐकलं नाही. मखमल तिच्या अंगावरचाच भात चाटायला लागली. त्याचे हात भरून आले होते, तरी सगळ्यांचं होईपर्यंत त्याने पट्टा धरून ठेवला.